आधी मांजर, मग दागिने

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की जलसंपदा खात्याचा संदेश मोबाइलवर फिरू लागतो. किती वाजता, किती क्युसेक, आणि शेवटी ठरलेली सूचना: नदीपात्रात कुणी उतरू नये, पात्रातली वाहनं, साहित्य आणि जनावरं सुरक्षित ठिकाणी हलवावीत. मांजरीत हा संदेश दोन प्रकारची माणसं वाचतात. नदीकाठचे गोठेवाले वाचतात आणि उठून म्हशी सोडायला जातात. आम्ही टॉवरवाले वाचतो आणि पुढे पाठवतो.

मांजरी म्हणजे हडपसरच्या पलीकडे, मुळा-मुठेच्या काठावर. पुण्याने वापरलेलं, सोडलेलं आणि विसरलेलं सगळं पाणी आमच्या दारावरून पुढे थेऊरकडे जातं. मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द यांच्यामधला जुना पूल ठेंगणा. नदी जरा अंगावर आली की पूल पाण्याखाली आणि वाहतूक बंद. गावात द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, वसंतदादांच्या नावाची साखर संस्था आहे, भाजीपाल्याचा उपबाजार आहे आणि कुंपणाआड शर्यतीच्या घोड्यांचे स्टड फार्म आहेत. म्हणजे द्राक्ष, ऊस, कांदा आणि घोडा यांची शास्त्रोक्त काळजी वाहणारी माणसं इथे पैशाला पासरी. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आलं आणि पुढच्याच वर्षी महापालिकेने पाळीव मांजरांची नोंदणी सक्तीची केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसावा, असं आम्ही धरून चालतो.

आमच्या सोसायटीला आपत्तीची जाग आली ती मे २०२५ मध्ये. ७ तारखेला देशभर मॉकड्रिल झालं, टीव्हीवर भोंगे वाजले, आणि त्याच रात्री ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ‘आपला इव्हॅक्युएशन प्लॅन काय आहे?’ पार्किंगवरून वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसं या प्रश्नावर पहिल्यांदा एकमताने गप्प बसली. मग कमिटी नेमली गेली. कमिटीने, कमिट्या करतात तेच केलं, म्हणजे फॉर्म काढला. फ्लॅट क्रमांक, माणसं, वाहनं, पाळीव प्राणी.

माणसं आणि वाहनं यांचे रकाने संध्याकाळपर्यंत भरून आले. घोळ झाला तो चौथ्या रकान्यात. एका वहिनींनी तिथे मिस्टरांचं नाव लिहिलं. चेअरमननी ते खोडायला लावलं, खुद्द मिस्टरांची काही हरकत नव्हती. एकांनी ‘मासे, अंदाजे’ असं लिहिलं. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी रकाना कोरा सोडला. त्यांच्या बाल्कनीतून रोज सकाळी ‘विठू विठू’ अशी हाक येते हे सगळ्या विंगला ठाऊक आहे, पण आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आजोबांनाही ठाऊक आहे. त्यामुळे त्या घरात आपत्ती आली, तर पोपट बाहेर काढणं म्हणजे पुरावा बाहेर काढणं. आजोबांनी यावर विचार केलेला दिसतो. ‘तो आमचा नाही, येऊन-जाऊन असतो,’ असं ते म्हणतात. पिंजऱ्याचं दार बाहेरून बंद करून येऊन-जाऊन असणारा हा पहिलाच पक्षी.

दुसरा वाद जिन्यातल्या मांजरीचा. ती कुणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची आहे. तिला दूध तिसरा मजला देतो, मासळीचं डोकं सहावा मजला देतो, आणि तिची पिल्लं दरवेळी दुसऱ्या मजल्यावरच्या शू-रॅकमध्ये होतात. ‘तिला कोण घेऊन उतरणार?’ हा प्रश्न सभेत आला तेव्हा तिन्ही मजल्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ती स्वतः सभेला हजर होती, अध्यक्षांच्या खुर्चीखाली.

आता घरच्यांकडे वळतो. आमच्याकडे एक लॅब्राडॉर आहे, ब्रूनो, आणि एक मांजर आहे, सोनी. ब्रूनो स्थलांतराला चोवीस तास तयार असतो. दाराची कडी वाजली की तोंडात पट्टा घेऊन हजर. अडचण अशी की तो फिरायला जायला तयार असतो, आणि आणीबाणी म्हणजेही फिरणंच, अशी त्याची समजूत आहे. गेटपर्यंत पोहोचायच्या आत चार कुंड्या, दोन टायर आणि वॉचमनची खुर्ची यांची चौकशी झाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. त्यातून भोंगा वाजला तर संपलंच. त्याच्या लेखी भोंगा म्हणजे दिवाळी, आणि दिवाळी म्हणजे बाथरूममध्ये बादलीमागे बसणं. बादलीमागे बसलेला तीसेक किलोचा कुत्रा बाहेर ओढणं हा व्यायाम एका माणसाचा नाही. शिवाय ओढणारा माणूस ओल्या फरशीवर असतो.

सोनीची गोष्ट निराळी. मांजराला घराबाहेर काढण्याच्या क्रियेला तीन पायऱ्या असतात: सापडणं, पकडणं आणि कोंबणं. बहुतेक योजना पहिल्याच पायरीवर बसतात. माळ्यावरून बास्केट काढायला स्टूल सरकवलं की त्या आवाजानेच सोनी नाहीशी होते. कारण तिच्या उभ्या आयुष्यात ती बास्केट एकाच कामासाठी खाली आली आहे: डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घेण्यासाठी. तिच्या जागी आपण असतो तर आपणही वॉशिंग मशीनच्या मागेच गेलो असतो. दिवाणाचा खण, फ्रिजची मागली बाजू, पडद्याची दांडी, गणपतीच्या मखराचं खोकं, अशा तिच्या जागा ठरलेल्या आहेत. पण एका वेळी ती त्यांतल्या नेमक्या कोणत्या जागी आहे, हे घरातल्या कुणालाही सांगता येत नाही. आपण मात्र सगळ्या खोल्यांतून ‘सोनी, ये गं, माझं बाळ ते’ असं गोड बोलत फिरायचं. आवाजात घाबरलेपणा असला की तो मांजराला आपल्या आधी कळतो.

यावर प्राण्यांचे डॉक्टर जो उपाय सांगतात तो इतका साधा आहे की कुणीच करत नाही. बास्केट माळ्यावर ठेवायचीच नाही. ती बारा महिने घरात उघडी पडू द्यायची, आत जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरायचा आणि अधूनमधून चिमूटभर सुकट टाकायची. महिनाभरात मांजर तिथे झोपायला लागतं. आमच्या आईचा याला विरोध होता. ‘दिवाणखान्यात बास्केट? पाहुणे काय म्हणतील?’ सोनीने तो प्रश्न परस्पर सोडवला. ती बास्केटमध्ये झोपू लागली आणि पाहुण्यांचा सोफा रिकामा झाला. पाहुण्यांच्या काळ्या पँटीवरचे पांढरे केसही कमी झाले.

बास्केट नसेल तर मोठा टॉवेल. मांजराला मागून, वरून गुंडाळायचं, पाय आत, डोकं बाहेर. टॉवेलही नसेल तर उशीचा अभ्रा. गाठ मारायची, कापडातून हवा जाते. पण यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे, आणि तिच्यावरून आमच्या घरी कडाक्याचं भांडण झालं. मी यादी केली: कागदपत्रं, औषधं, दागिने, मोबाइलचे चार्जर, मांजर. मुलीने यादी फाडली. तिचं म्हणणं असं की एकदा कपाटं उघडू लागली, बॅगा आपटू लागल्या, आणि बाबा ‘माझा चष्मा कुठाय?’ असं ओरडू लागले की मांजर सापडणं संपलं. म्हणून घरातल्यांना आणीबाणी आहे हे कळायच्या आत मांजर बास्केटमध्ये हवं. दागिने कपाटातून पळून जात नाहीत. ‘आधी मांजर, मग दागिने,’ असा ठराव झाला. आईने एवढी सुधारणा सुचवली की दागिन्यांची पुरचुंडी मांजराच्याच बास्केटमध्ये ठेवावी, सोनीच्या अंगाला हात लावायची चोराची छाती होणार नाही.

माशांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. टाकी हलवता येत नाही, मासे हलवता येतात, झाकणाच्या डब्यात टाकीतलंच पाणी आणि बॅटरीवरचा छोटा पंप घेऊन. पुरात माशांना वाचवायचं म्हणजे त्यांना कशापासून वाचवायचं, असं एका सभासदाने विचारलं. त्यांना खाली बसवण्यात आलं.

मग लिफ्ट. आमच्या सोसायटीत ‘कुत्र्यांनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी कित्येक वर्षं होती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट करून ठेवलं की सोसायट्यांना प्राण्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. तरी पाटी हलली नाही. ब्रूनोवाले आणि पाटीवाले यांच्यात पत्रव्यवहार झाला, त्यात दोन्हीकडून कलमं आली. अखेर अग्निशमनाचं प्रात्यक्षिक घेणाऱ्या जवानाने वाद एका वाक्यात मिटवला. आग लागली की लिफ्ट कुणीच वापरायची नाही. सगळ्या सभासदांना लिफ्टबंदी झाली म्हटल्यावर पाटीवाल्यांना फार बरं वाटलं. ब्रूनोला जिना उतरता येतो. प्रश्न उरला तो आठव्या मजल्यावरच्या पाटीवाल्यांच्या गुडघ्यांचा.

इथवर सगळी जुळवाजुळव झाली. लसीकरणाचं पुस्तक, गळ्यातल्या पट्ट्यावर आपला मोबाइल नंबर, मोबाइलमध्ये कुत्र्या-मांजराचा आपल्यासोबतचा एक फोटो (हरवलं तर ‘हे आमचंच’ म्हणायला), तीन दिवसांचं खाणं, पाण्याची बाटली, एक वाडगा. एवढी पिशवी भरली आणि खरा प्रश्न पुढे आला. निघायचं, पण जायचं कुठे?

पुण्यात नातेवाइकांना तोटा नाही. मी एकेकाला फोन लावला. कोथरूडच्या आत्या म्हणाल्या, ‘अरे, या ना! तुमचंच घर. ब्रूनोला काय, खाली पार्किंगमध्ये बांधू.’ बाणेरच्या मेव्हण्यांकडे नवा पांढरा सोफा आलाय, ही बातमी मला त्याच फोनवर कळली. वानवडीच्या मामेभावाला केसांची ॲलर्जी निघाली. ती फोन उचलल्यानंतर निघाली असावी, कारण आवाज बोलता बोलता बसत गेला. धाकटी मेव्हणी म्हणाली, ‘मांजर चालेल, पण आमचा लव्हबर्ड आहे.’ लव्हबर्डला विचारलं असतं तर त्याने उलट क्रम सांगितला असता. लॉजवाले ‘फॅमिली का?’ विचारतात. हो म्हटलं तर ‘आयडी किती जणांचे?’ विचारतात. रेल्वेने गावी जावं, तर कुत्र्याला पहिल्या वर्गाच्या एसी डब्यात अख्खा कूपे आरक्षित करून नेता येतं, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीतून. म्हणजे ऐन पुराच्या रात्री ब्रूनो एसी कूपेतून आणि आम्ही चौघं जनरलमधून, अशी वेळ यायची.

हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण याच एका प्रश्नावर माणसं मेली आहेत. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळ आलं. निवारा छावण्यांत आणि बचाव बसमध्ये प्राण्यांना मज्जाव होता, म्हणून कित्येक जण घर सोडायला तयारच झाले नाहीत. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला: स्थलांतराच्या सरकारी आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय धरलीच पाहिजे. म्हणजे कुत्र्याला जागा दिली नाही तर मालक हलत नाही, हे कळायला एका महासत्तेला वादळ लागलं. आमच्या विंगमधल्या कुठल्याही आजींना विचारलं असतं तर त्यांनी ते फुकट सांगितलं असतं.

सरकारी नोकरीत असलेल्या कुत्र्यांचं बरं असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा आपल्या दूतावासाच्या बंदोबस्ताला असलेल्या आयटीबीपीच्या माया, रुबी आणि बॉबी या तीन श्वानांना हवाई दलाच्या विमानाने जवानांसोबत भारतात आणलं. त्यांना कुणी सोफ्याचा रंग सांगितला नाही. आमच्याकडच्या स्टड फार्मातल्या घोड्याची गोष्टही तीच. शर्यतीच्या घोड्याचा स्वतःचा पासपोर्ट असतो, जायला खास गाडी असते आणि पोहोचायच्या आधी तबेला ठरलेला असतो. ब्रूनोकडे महापालिकेचा परवाना आहे. तो दाखवून आत्यांच्या पार्किंगमध्ये प्रवेश मिळतो, एवढंच.

आणि सगळ्यांत कठीण परीक्षा आमच्या शेजारच्या हडपसरातच झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका सोसायटीतल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं असल्याची तक्रार गाजली. पाहणी झाली, बातम्या आल्या, आणि महापालिकेने नोटीस काढली की दोन दिवसांत मांजरं हलवा. नोटीस लिहिणाऱ्याने मांजर पाळलेलं नसावं. सापडणं, पकडणं, कोंबणं हे तीनशे वेळा, दोन दिवसांत! एका सोनीसाठी आमच्या घरातली चार माणसं आणि पावशेर सुकट खर्ची पडते. त्या हिशेबाने त्या फ्लॅटला अख्ख्या हडपसरची माणसं आणि रत्नागिरीची सुकट लागली असती. शिवाय तीनशे मांजरं ठेवायला कुठली आत्या ‘या ना’ म्हणणार?

प्राणी स्वतः मात्र असा खल करत बसत नाहीत. २०१९च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात एक मगर सरळ घराच्या छपरावर चढून बसली होती. तिचा व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिला. पाणी वाढलं की उंच जागा गाठायची, हे तिने कुठल्याही कमिटीविना ठरवलं. घरमालकांना कळवलं नाही, एवढाच काय तो दोष.

शेवटी मी नदीकाठच्या दूधवाल्या मामांकडे गेलो. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं आणि तिकडे सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्यात गेली, त्या दिवशी मामांच्या म्हशी उजाडायच्या आत वर आल्या होत्या. मी वही काढली.

‘मामा, तुमचा प्लॅन काय असतो?’

‘प्लॅन कसला, साहेब? पाण्याचा रंग बघायचा, आणि दावं सोडायचं.’

‘एवढंच?’

‘एवढंच. म्हैस पोहती. बांधलेली म्हैस नाय पोहत.’

‘आणि नेता कुठे?’

‘वर पाव्हण्यांचं वावर हाय. त्यांचं लगीन-कार्य असलं की दूध माझ्याकडून. माझ्याकडं पाणी आलं की जागा त्यांच्याकडून. बापाच्या वक्तापासून चालतंय.’ मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. ‘तुमचं मांजर कोण घेणार हाय?’

मी वहीत पाहिलं. वहीत चार नातेवाईक होते आणि चौघांवर काट होती.

मामांच्या त्या दोन-तीन वाक्यांत आमच्या कमिटीचा अख्खा अहवाल बसतो. गोठ्याला आग लागो वा पूर येवो, पहिलं काम दावं सोडणं. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांना हे पाठ आहे. आणि दुसरं काम, दावं सोडल्यावर जनावर कुठे जाणार हे पाऊस पडायच्या आधी ठरवून ठेवणं. पहिलं काम हाताचं आहे, दुसरं नात्याचं. आपण टॉवरवाले पहिल्यासाठी ॲमेझॉनवरून पट्टे, बास्केटी आणि पंप मागवतो. दुसऱ्यासाठी काहीच मागवता येत नाही. नदीचं पाणी किती वाढेल ते खातं सांगतं. आत्याचं मन किती वाढेल ते कुणी सांगत नाही. शिवाय आत्याकडे आपण जातो केव्हा, तर गौरी-गणपतीला, तेही जेवणाच्या वेळी.

म्हणून एवढंच सांगणं. बास्केट आज माळ्यावरून खाली काढा. कुत्र्याला भोंग्याच्या आवाजाची हळूहळू सवय करा. अग्निशमन दलाचा १०१ आणि सगळ्या आणीबाणीचा ११२ हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवा, जनावरांच्या डॉक्टरी मदतीसाठी १९६२ हा तिसरा. दारावर आत किती प्राणी आहेत त्याची चिठ्ठी लावा, जिन्यातली मांजर कोण उचलणार ते लेखी ठरवा. आणि ‘ब्रूनोला घेऊनच या’ असं म्हणणारं एखादं घर तुमच्या नात्यात असेल, तर दिवाळीचा फराळ तिथे पहिला पोहोचवा आणि त्यांच्याशी गावच्या जमिनीवरून अजिबात भांडू नका.